घरगुती हेअर स्मूदनिंग

घरगुती हेअर स्मूदनिंग म्हणजे राठ, पिंजारलेले किंवा दमट हवेत फुलणारे केस मऊ, चमकदार व कमी-अधिक प्रमाणात सरळ दिसावेत यासाठी सलूनमध्ये न जाता घरीच केले जाणारे उपचार होत. ‘स्मूदनिंग’ हे रसायनशास्त्रातील एखाद्या ठरावीक प्रक्रियेचे नाव नाही. केसांवर तात्पुरता थर चढवणारे सीरम, खोबरेल तेलासारखे पारंपरिक उपाय, उष्णतेवर चालणारा स्ट्रेटनर, केसांतील रासायनिक बंध तोडून पुन्हा जोडणारे क्रीम आणि ‘केराटिन ट्रीटमेंट’ या नावाने विकले जाणारे संच या सर्वांसाठी बाजारात हा एकच शब्द वापरला जातो. उपचाराचा परिणाम, टिकाऊपणा व धोका या तिन्ही गोष्टी त्याच्या नावावर नव्हे, तर त्यातील क्रियाशील घटकावर अवलंबून असतात.

## केसांची रचना

त्वचेबाहेर दिसणारा केस हा जिवंत पेशींचा नसतो. तो मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. केसाच्या बाहेरील आवरणाला क्युटिकल म्हणतात. त्यात घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात व त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. आवरणाच्या आतील जाड भागाला कॉर्टेक्स म्हणतात. केसाची ताकद, लवचीकता आणि रंग या भागामुळे ठरतात. जाड केसांच्या मध्यभागी बहुधा मेड्युला नावाचा तिसरा भागही आढळतो.

कॉर्टेक्समधील केराटिनच्या साखळ्या परस्परांशी अनेक प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. स्मूदनिंगच्या दृष्टीने त्यांपैकी दोन महत्त्वाचे आहेत.

* हायड्रोजन बंध : हे दुर्बल असून पाण्याने किंवा उष्णतेने तुटतात आणि केस वाळताना किंवा थंड होताना नव्याने जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून ती वाळल्यावर सोडली असता केसांना पडणारी नागमोड याच कारणाने येते आणि पुढच्या धुण्यात नाहीशी होते.
* डायसल्फाइड बंध : सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधकाच्या अणूंमध्ये असणारे हे बंध बळकट असतात. केवळ पाण्याने ते तुटत नाहीत. केसांचा मूळ आकार टिकवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

केस सरळ किंवा कुरळे असणे मुख्यतः केशकूपाच्या आकारावर अवलंबून असते. वक्र केशकूपातून उगवणाऱ्या केसाचा काटछेद लंबवर्तुळाकार असतो व तो वळणे घेत वाढतो. कोणताही स्मूदनिंग उपचार केशकूपाचा आकार बदलत नाही. त्यामुळे मुळाशी येणारे नवे केस नेहमी मूळ स्वरूपाचेच असतात.

## केस राठ होण्याची व फुलण्याची कारणे

निरोगी केसाच्या पृष्ठभागावर १८-मिथाइल आयकोसॅनोइक आम्ल या स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. हा थर पाणी दूर ठेवतो व केसांमधील घर्षण कमी करतो. ब्लीच, केसांचे रंग, तीव्र अल्कधर्मी पदार्थ, ऊन, वारंवार विंचरणे आणि उष्ण उपकरणे यांमुळे हा थर नष्ट होतो व क्युटिकलचे खवले उचकटतात. असा केस हाताला राठ लागतो आणि हवेतील बाष्प लवकर शोषतो.

बाष्प शोषल्यावर केस फुगतो व किंचित लांबतो. पूर्ण कोरड्या स्थितीपासून पूर्ण दमट स्थितीपर्यंत मानवी केसाची लांबी सुमारे २ ते २.५ टक्क्यांनी वाढते. स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी याच गुणधर्माचा उपयोग करून मानवी केसावर चालणारा आर्द्रतामापक तयार केला व १७८३ मध्ये त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. डोक्यावरील सर्व केस सारख्याच प्रमाणात बाष्प शोषत नाहीत. प्रत्येक केस वेगवेगळ्या दिशेने वळतो व केसांचा समूह पिंजारलेला दिसतो. कोकण, मुंबई व गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात सरळ केलेले केस काही तासांतच फुलतात, ते यामुळेच.

पाण्याच्या प्रकाराचाही परिणाम होतो. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असलेल्या दुष्फेन पाण्यात साबणाने केस धुतल्यास साबणाचा न विरघळणारा साका केसांवर बसतो व केस चरबरीत होतात. अनेक विंधन विहिरींचे पाणी या प्रकारचे असते. अशा वेळी मूळ कारण पाणी व साबण हे असते आणि केस सरळ करणारे रसायन वापरून ते दूर होत नाही.

## इतिहास

केस सरळ करण्यासाठी तापवलेल्या लोखंडी कंगव्याचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत प्रचलित झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅडम सी. जे. वॉकर यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांच्या केसांसाठी प्रसाधने तयार करून त्यांचा मोठा व्यवसाय उभारला. याच काळात गॅरेट मॉर्गन या संशोधकाने केस सरळ करणारे क्रीम बाजारात आणले. पुढे सोडियम हायड्रॉक्साइडवर आधारित ‘रिलॅक्सर’ आले व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे घरी वापरता येतील असे संच दुकानांत मिळू लागले.

थायोग्लायकॉलिक आम्लाच्या क्षारांचा उपयोग प्रथम केस कुरळे करण्यासाठी झाला. हीच रासायनिक क्रिया उलट हेतूने, म्हणजे केस सरळ करण्यासाठी वापरण्याची पद्धत नंतर जपानमध्ये विकसित झाली आणि ‘रिबाँडिंग’ या नावाने भारतात परिचित झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्राझीलमध्ये सुरू झालेली ‘केराटिन ट्रीटमेंट’ जगभर पसरली. प्रारंभी केवळ सलूनमध्ये होणारा हा उपचार पुढे घरगुती संचांच्या रूपाने ऑनलाइन विक्रीतही उपलब्ध झाला.

## प्रकार

### तात्पुरते उपचार

कंडिशनर, सीरम व ‘लीव्ह-इन’ क्रीम केसाच्या आतील बंधांना धक्का लावत नाहीत. कंडिशनरमधील धनभारित घटक ऋणभारित केसांना चिकटून खवले बसवतात. डायमेथिकोनसारखी सिलिकोन केसावर पातळ, निसरडा थर चढवतात. त्यामुळे घर्षण कमी होते व बाष्प आत शिरण्याचा वेग मंदावतो. हा परिणाम एक किंवा काही धुण्यांपर्यंत टिकतो. राठ केसांसाठी उपलब्ध असलेल्या उपायांमध्ये यांचा धोका सर्वांत कमी आहे.

ड्रायर व स्ट्रेटनर हायड्रोजन बंध तोडून केस तात्पुरते सरळ करतात. ओल्या केसांवर तापलेला स्ट्रेटनर फिरवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ्या तयार होतात व केस त्या जागी तुटतो. कोरड्या केसातील केराटिनची रचनाही २०० अंश सेल्सिअसच्या वरील तापमानाला बिघडू लागते.

### पारंपरिक उपाय

महाराष्ट्रात केसांना खोबरेल तेल लावणे व शिकेकाई किंवा रिठ्याने केस धुणे ही जुनी पद्धत आहे. २००३ मध्ये मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावलेले खोबरेल तेल केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, इतर दोन तेलांनी तसा परिणाम दिसत नाही, असे त्यात आढळले. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू सरळ व तुलनेने लहान असल्याने तो केसात शिरू शकतो, असे स्पष्टीकरण त्यासाठी देण्यात आले.

जवसाच्या बिया उकळून मिळणारा चिकट द्रव, कोरफडीचा गर, जास्वंदीच्या पानांचा लेप व भिजवलेल्या मेथीचे वाटण यांतील बुळबुळीत पदार्थ केसांवर थर धरतात आणि केस काही काळ आवरलेले राहतात. नारळाचे दूध, केळे, दही व अंडे यांचे लेपही लावले जातात. मात्र अंड्यातील किंवा दह्यातील प्रथिनांचे अखंड रेणू मोठे असल्याने ते केसात शिरून तुटलेल्या केराटिनची जागा घेऊ शकत नाहीत. यांपैकी कोणताही लेप डायसल्फाइड बंध बदलत नाही. त्यामुळे त्याने केस कायमचे सरळ होतात हा दावा निराधार आहे. लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी असून तो लावून उन्हात गेल्यास त्वचेवर भाजल्यासारखे डाग उठू शकतात.

### थायोग्लायकोलेटवर आधारित उपचार

या पद्धतीत अल्कधर्मी क्रीम केसांना लावले जाते. त्यातील थायोग्लायकोलेट काही डायसल्फाइड बंध तोडते. क्रीम धुऊन, केस वाळवून व स्ट्रेटनरने सरळ करून त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा ऑक्सिडीकारक पदार्थ लावतात. तो नव्या, सरळ स्थितीत बंध पुन्हा जोडतो. उपचार झालेला केस कापला जाईपर्यंत सरळ राहतो. क्रीम ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक ठेवल्यास आवश्यकतेपेक्षा जास्त बंध तुटून केस रबरासारखे ताणले जातात व तुटतात. केस काढण्याच्या क्रीममध्येही अधिक अल्कधर्मी स्वरूपात हेच रसायन असते.

### सोडियम हायड्रॉक्साइडवर आधारित रिलॅक्सर

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्या रिलॅक्सरचा सामू १२ ते १४ इतका असतो. यात डायसल्फाइड बंधांच्या जागी लँथिओनिन हे वेगळे बंध तयार होतात व ते पूर्ववत करता येत नाहीत. टाळू भाजणे, जखमा होणे व डोळ्यांना इजा होणे हे याचे प्रमुख धोके आहेत. हा उपचार झालेल्या केसांवर थायोग्लायकोलेट, किंवा याच्या उलट क्रमाने उपचार केल्यास केस मोठ्या प्रमाणात तुटतात.

### केराटिन ट्रीटमेंट

या उपचाराच्या द्रावणात केराटिनचे लहान तुकडे असतात. ते मुख्यतः केसाच्या पृष्ठभागावर थर धरतात. केस सरळ होण्यामागील कारण मात्र निराळे आहे. अनेक उत्पादनांत फॉर्माल्डिहाइड किंवा ते मुक्त करणारा पदार्थ असतो. सुमारे २३० अंश सेल्सिअसला तापवलेला स्ट्रेटनर फिरवल्यावर तो केराटिनच्या साखळ्यांमध्ये नवे दुवे निर्माण करतो. हा परिणाम सामान्यतः काही महिने टिकतो व धुण्यागणिक कमी होत जातो.

पाण्यात विरघळलेले फॉर्माल्डिहाइड बहुतांशी मिथिलीन ग्लायकॉलच्या रूपात असते. तापवल्यावर त्यातून पुन्हा फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. त्यामुळे ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ असे लिहिलेल्या बाटलीच्या घटकयादीत मिथिलीन ग्लायकॉल, मेथेनडायॉल किंवा फॉर्मॅलिन यांपैकी एखादे नाव असल्यास तो दावा निरर्थक ठरतो. अलीकडच्या अनेक संचांत फॉर्माल्डिहाइडऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले जाते.

## आरोग्यविषयक धोके

### फॉर्माल्डिहाइड

फॉर्माल्डिहाइड वायूमुळे डोळे चुरचुरणे, घशात जळजळ, खोकला, डोकेदुखी व दम्याचा त्रास होतो. त्वचेशी संपर्क आल्यास काहींना ॲलर्जी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. घरातील हवेतील त्याचे प्रमाण ३० मिनिटांच्या सरासरीने दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे.

२०१० मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने सलूनमधून गोळा केलेल्या, ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनाच्या नमुन्यांत सरासरी ८ टक्क्यांहून अधिक फॉर्माल्डिहाइड आढळले. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकाला इशारापत्र पाठवले. त्या प्रशासनाच्या तपासणीत मिथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ८.७ ते १०.४ टक्के होते.

घरगुती वापरात हा धोका कमी होत नाही. न्हाणीघर लहान व बंदिस्त असते, वायुवीजन अपुरे असते आणि पाठीमागच्या बटांसाठी बहुधा घरातील दुसऱ्या व्यक्तीची मदत घेतली जाते. त्यामुळे ज्यांच्या केसांवर उपचार होत नाही, त्यांच्याही श्वासात हा वायू जातो. डोळ्यांत पाणी येणे हे केवळ ‘उग्र वासाचे’ लक्षण नसून हवेत वायू साचल्याची खूण असते.

### ग्लायऑक्सिलिक आम्ल

२०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधील डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ व २०२२ या तीन वर्षांत केस सरळ करण्याच्या प्रत्येक उपचारानंतर तिला मूत्रपिंडाची तीव्र इजा झाली होती. वापरलेल्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. तेच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. त्वचेतून शोषलेल्या आम्लाचे शरीरात ऑक्झलेट होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. त्याआधी इस्रायलमधील डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाची तीव्र इजा झालेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. उपचारानंतर मळमळ, उलट्या, पोटात किंवा कंबरेत दुखणे, अथवा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. अशा वेळी केसांवर झालेल्या उपचाराची माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे असते, कारण अन्यथा ही लक्षणे अन्नबाधेची समजली जाऊ शकतात.

### गर्भाशयाच्या कर्करोगाशी संबंध

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’ या प्रकल्पात ३५ ते ७४ वर्षे वयाच्या ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्या काळात गर्भाशयाच्या कर्करोगाचे ३७८ रुग्ण आढळले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांपैकी १.६४ टक्के स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता होती. वर्षातून ४ पेक्षा अधिक वेळा ती वापरणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४.०५ टक्के होते. अभ्यासात उत्पादनांची नावे व घटक नोंदवलेले नव्हते. त्यामुळे कोणत्या रसायनाचा हा परिणाम आहे हे त्यावरून सांगता येत नाही, तसेच असा संबंध म्हणजे कार्यकारणभावाचा अंतिम पुरावा नव्हे. ही उत्पादने वापरणाऱ्यांमध्ये सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या.

### केसांचे व टाळूचे नुकसान

केस मृत असल्याने त्याला झालेली इजा जखमेप्रमाणे भरून येत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक सुमारे अडीच वर्षांचे असते व तेवढ्या काळातील ऊन, रंग, धुणे व विंचरणे यांचा परिणाम त्यावर साठलेला असतो. मुळाजवळील केस जो उपचार सोसतात, तोच टोकांना सोसवेल असे नसते. पूर्वी सरळ केलेल्या भागावर पुन्हा तीव्र रसायन लावणे हे घरगुती उपचारांत केस तुटण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

## वापरासंबंधी सावधगिरी

रासायनिक संच घरी वापरताना पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात.

* खरेदीपूर्वी संपूर्ण घटकयादी वाचणे. यादी नसलेली, सुटी किंवा दुसऱ्या बाटलीत भरून दिलेली उत्पादने टाळणे.
* आधी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडे उत्पादन लावून ॲलर्जीची चाचणी घेणे. नंतर मानेजवळच्या एका बटेवर संपूर्ण प्रक्रिया करून पाहणे.
* ब्लीच केलेल्या केसांवर बंध तोडणारे क्रीम न वापरणे. धातूंचे क्षार मिसळलेली मेंदी किंवा कलप लावलेल्या केसांवर पेरॉक्साइड न वापरणे, कारण त्यांच्या संयोगाने उष्णता निर्माण होऊन केस व त्वचा भाजू शकते.
* टाळूवर जखम, खरूज किंवा पुरळ असताना उपचार न करणे व क्रीम टाळूला लागू न देणे.
* हातमोजे घालणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि लहान मुले, गर्भवती स्त्रिया व दम्याचे रुग्ण यांना त्या खोलीपासून दूर ठेवणे.
* दिलेली वेळ घड्याळ लावून पाळणे. ‘केस जाड आहेत’ म्हणून ती न वाढवणे.
* पुढील वेळी केवळ नव्याने वाढलेल्या भागावर उपचार करणे.

## नियमन

युरोपीय संघात थायोग्लायकॉलिक आम्लाचे प्रमाण केस सरळ करणाऱ्या सर्वसाधारण वापराच्या उत्पादनांत ८ टक्के व व्यावसायिक वापराच्या उत्पादनांत ११ टक्के इतके मर्यादित आहे. रिलॅक्सरमधील सोडियम हायड्रॉक्साइडसाठी या मर्यादा अनुक्रमे २ व ४.५ टक्के आहेत. दोन्ही बाबतींत घरगुती वापरासाठीची मर्यादा कमी ठेवलेली आहे. सौंदर्यप्रसाधनांतील फॉर्माल्डिहाइडच्या वापरावर तेथे २०१९ पासून बंदी आहे. ब्राझीलमध्ये केस सरळ करण्यासाठी फॉर्माल्डिहाइड वापरण्यास मनाई असून परिरक्षक म्हणून ०.२ टक्क्यांपर्यंत त्यास परवानगी देण्यात आली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केस सरळ करणाऱ्या उत्पादनांत फॉर्माल्डिहाइडवर बंदी घालणारा नियम प्रस्तावित करण्याचा मानस २०२३ मध्ये जाहीर केला.

भारतात सौंदर्यप्रसाधने ही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्या कक्षेत येतात. उत्पादनाचा परवाना राज्याचे प्राधिकरण देते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. आयात उत्पादनांची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे करावी लागते. वेष्टनावर घटकयादी, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत नमूद करणे बंधनकारक आहे. ऑनलाइन मागवलेल्या संचावर ही माहिती नसल्यास तो नियमांनुसार विक्रीस आलेला नाही, असे समजता येते.

## हे सुद्धा पहा

* केस
* केराटिन
* फॉर्माल्डिहाइड
* खोबरेल तेल
* शिकेकाई
* आर्द्रता